किड्याच्या लाळेवरचे ठिपके

रेशीम पहिल्यांदा घरात आलं तेव्हा नखीने त्याला हात लावला नाही. दाराच्या चौकटीला टेकून तिने लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, "किड्याची लाळ. ती वाळवायची, अंगावर घ्यायची, आणि वर तोरा मिरवायचा."

व्यापाऱ्याने ते दोन तुकडे नुकत्याच झोपलेल्या बाळांसारखे मांडीवर धरले होते. त्याने मान वर करून पाहिलं. शेजारी बसलेला रंगारी घाईघाईने हसला. त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते आणि हसताना ते कुठे ठेवावेत हे त्याला कधीच कळत नसे.

"ऐकू नका हं शेठ. वहिनी आहेत माझ्या. सगळं आयुष्य सुतात गेलं, तुमचा माल त्यांना काय कळणार."

"कळतं की," नखी म्हणाली. "माशी बसली तर घसरून पडेल, एवढं तर इथूनही कळतं."

आणि ती खिडकीकडे परत गेली.

त्या घरात तोवर सुती बांधणी होत असे. कापडाचा इवलासा चिमटा नखात धरायचा, त्याच्या मुळाशी दोऱ्याचे पाच-सहा वेढे करकचून द्यायचे, दोरा न तोडता पुढच्या चिमट्यावर जायचं. असे हजारो चिमटे झाले की कापड रंगात बुडवायचं. दोऱ्याखाली रंग शिरत नाही. सोडलं की तिथे ठिपका उरतो. एवढीच ती विद्या. कुणी तिला कला म्हटलं की नखीला हसू फुटे. "कला असती," ती म्हणे, "तर बायकांच्या हाती आली असती होय?"

तिच्या डाव्या करंगळीचं नख पेराएवढं वाढवलेलं होतं, टोकाला अणकुचीदार. त्यावरूनच ती नखी झाली. खरं नाव नवऱ्याला ठाऊक होतं आणि तो ते बरोबर घेऊन गेला. त्याच्याविषयी ती चांगलंही बोलत नसे, वाईटही नाही. "रंग बरा काढायचा," एवढंच. मेलेल्या माणसांवर गोड बोलणाऱ्यांचा तिला जिवंत माणसांवर गोड बोलणाऱ्यांइतकाच तिटकारा होता. नवऱ्यामागे रंगाच्या हंड्या धाकट्या दिराकडे आल्या आणि तीही हंड्यांबरोबर आली. फरक इतकाच की हंड्यांना कुणी जेवलात का विचारत नव्हतं आणि तिला दिवसातून दोनदा, उपकार केल्याच्या सुरात विचारत होते.

त्या घरात तिचं म्हणावं असं एकच होतं, ती खिडकी. माडीवरच्या लांबट खोलीच्या टोकाला, रंगवाड्याच्या वर. सकाळपासून दिवस कलेपर्यंत तिथे उजेड असे, सरळ, पांढरा, सावली न पाडणारा. एकोणतीस वर्षं ती त्या उजेडात बसली होती. खालून रंगांचा आंबूस वास येई, भट्टीची धग येई, रंगाऱ्याच्या बढाया येत. पहिल्या दोन गोष्टींची सवय झाली होती.

त्या दिवशीही बढायाच चढत वर आल्या.

"आमच्या घराण्यात सात पिढ्या हेच काम, शेठ. आजोबांच्या हातचा रंग पाहायला लोक गाड्या जोडून येत."

आजोबा पोती काळी करत. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. परगावच्या व्यापाऱ्याला नव्हतं.

व्यापाऱ्याचं म्हणणं साधं होतं. साधं रेशीम त्याच्याकडे होतं, कुंचल्याने रंगवलेलं होतं. पण सुतावर असतात तसे बांधून उठवलेले ठिपके रेशमावर कुणी त्याला अजून दिले नव्हते. वाटेत एका गावी करून पाहिलं, त्यांनी तीन तुकडे नासवले. इथे तो दोन ठेवून जाणार होता, सहा-सहा हातांचे. अडीच महिन्यांनी त्याच्या गाड्या परत याच रस्त्याने येतील.

"एक बिघडला तर मी समजून घेईन," तो म्हणाला. "दुसरा बिघडला तर मी तुम्हाला ओळखत नाही आणि तुम्ही मला."

"बिघडतोय कशाला!" रंगारी म्हणाला.

व्यापारी गेल्यावर तो तुकडे घेऊन माडीवर आला. मागोमाग त्याची बायको, म्हणजे नखीची धाकटी जाऊ, आणि धाकटीच्या मागे तिची बहीण. ही बहीण नवऱ्याशी भांडून आली होती ती चार दिवसांसाठी. चार दिवसांना आता सात महिने झाले होते. तिशीची, हाताला चपळ, आणि बोलायला लागली की घरातली मांजरंसुद्धा उठून बाहेर जात.

"वहिनी," रंगारी म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका मऊ झाला की नखीने हातातला दोरा खाली ठेवला. "हे जमलं तर प्रश्नच नाही. खिडकी तुमची. पण नाही जमलं तर... तुम्हीही आता थकलात. दुपारनंतर कापड नाकाला लावता, हे काय आम्हाला दिसत नाही? स्वयंपाकघरात बसा, हिला हात द्या, आराम करा. खिडकीत ही बसेल." त्याने मेहुणीकडे हात केला. मेहुणीने मान खाली घालून डोळे वर केले.

"आराम!" नखी म्हणाली.

त्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. एक धुरकट झरोका होता, आणि झरोक्याखाली धाकटी होती. तिथे बसायचं म्हणजे उरलेला जन्म भांड्यांची बुडं घासत तिचं ऐकायचं. नखीने आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं. मागावं अशा लायकीचं कुणी समोर आलंच नव्हतं. पण ती खिडकी गेली तर आपण घरातलं एक जादा ताट होऊ, हे तिला लख्ख कळत होतं. आणखी एक गोष्ट तिला कळत होती, ती तिने कुणाला सांगितली नाही. दीर तेवढं एक खरं बोलला होता. डोळे जात चालले होते.

पहिला तुकडा रंगाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे झाला. त्याने फर्मावलं, आठ घड्या घाला. एकदा बांधलं की आठ ठिपके, काम झटपट. सुतावर घालायचे तसेच वाटाण्याएवढे ठिपके घाला. लांबून दिसले पाहिजेत. नखीने घातले. तिला ते चूक आहे हे दिसायला हवं होतं, पण ती पाहतच नव्हती. आयुष्यभरात कबूल केलेली तिची ही एकच चूक, तीही फक्त स्वतःशी: तिने रेशीम सुताच्या हाताने बांधलं. किड्याच्या लाळेसाठी नवं काय शिकायचं, अशा तोऱ्यात अठरा दिवस नख चालवलं. घड्या एकमेकींवरून सरकत होत्या. तिने त्या दामटल्या. नखाच्या टोकाखाली काहीतरी बारीक तट् तट् करत होतं. तिने तिकडे कान दिला नाही.

मग रंगाऱ्याने तो तुकडा खळखळत्या हंडीत टाकला आणि काठीने ढवळायला घेतलं. ढवळणं हा त्याचा आवडता भाग. ढवळताना त्याचे दंड फुगत आणि त्याला वाटे आपण काम करतोय. थोड्या वेळाने हंडीत दोरे तरंगू लागले.

वाळल्यावर तो उघडला. वरच्या घडीवर ओघळलेले डाग, मधल्या घड्यांवर फिकट धूसर काहीतरी, खालच्या घड्यांवर काहीच नाही. अंगावर गोवर उठून अर्ध्यात मावळावा तसं ते दिसत होतं.

"डोळे," रंगारी म्हणाला. मग खाली अंगणात जाऊन तेच मोठ्याने म्हणाला, म्हणजे गल्लीलाही कळावं.

"मी म्हणत नव्हते का ताई," धाकटी म्हणाली, "डोळ्यांत काहीतरी घाला म्हणून?"

"माझ्या मैत्रिणीच्या सासूचं अगदी असंच झालं," बहीण म्हणाली. "आधी तिला दोरा दिसेना. मग हळूहळू माणसंसुद्धा दिसेनात."

"सुटली म्हण की," नखी म्हणाली.

त्या खाली गेल्यावर तिने तो नासलेला तुकडा खिडकीत पसरला. नाकाला लावला. इंच इंच करत वाचत गेली. प्रत्येक डागाच्या मधोमध एक सूक्ष्म ओरखडा होता आणि तिथे तंतू तुटून उभा राहिला होता. हे डोळ्यांचं काम नव्हतं. नखाचं होतं. सुताला आधार देणारं तिचं नख रेशमाला सुरीसारखं लागलं होतं, आणि ती तटतट तंतू तुटण्याची होती.

मग एका कोपऱ्यात तिला एक ठिपका सापडला. कसा कोण जाणे, तिथला दोरा सुटला नव्हता, तिथे घड्याही घसरल्या नव्हत्या. एकच ठिपका. त्याची कड पाहून ती थबकली. सूत रंग पितं ते बेवड्यासारखं, ओठांवरून ओघळेस्तोवर. सुतावरच्या ठिपक्याला कड अशी नसतेच, नुसता एक लाजिरवाणा किनारा असतो. हे रेशीम मात्र जिथे थांबायला सांगितलं होतं तिथेच थांबलं होतं. पांढरं पांढऱ्यात, लाल लालात. एवढं शहाणं तिने त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

एखाद्याला आपण वर्षानुवर्षं मूर्ख समजावं आणि त्याने एकच वाक्य असं बोलावं की आपलीच मान खाली जावी, तसं तिला झालं. तो अनुभव तिला अजिबात आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात उतरली, रंग वाटायच्या दगडाशी बसली आणि करंगळीचं नख घासायला लागली. अर्ध्या घटकेत एकोणतीस वर्षांचं नख पांढरी भुकटी होऊन दगडावर पडलं. बोटाचं टोक पहिल्यांदाच उघड्यावर आलं, गुलाबी, नवजात, कशाचीच सवय नसलेलं.

"अगंबाई," बहीण म्हणाली, "नखीचं नखच गेलं! आता काय म्हणायचं तुम्हाला?"

"काही म्हणू नकोस. गप्प बस. तेवढं जमतंय का बघ."

दुसऱ्या तुकड्यासाठी तिने कुणाला विचारलं नाही. सांगितलं. घडी एकच. कापड कोरडं नाही, ओलसर फडक्यात गुंडाळलेलं. दोरा सुताचाच, कारण रेशमावर रेशीम टिकत नाही, पण केसासारखा बारीक आणि मेणावरून ओढलेला. माडीवर कुणी यायचं नाही.

"आणि ठिपके केवढे?" रंगाऱ्याने विचारलं.

"मोहरीएवढे."

"मोहरीएवढे! लांबून दिसतील का?"

"लांबून तुम्ही बरे दिसता, भावोजी. ठिपके जवळून पाहायचे असतात."

मोहरीएवढा चिमटा तिच्या डोळ्यांना दिसणार नव्हता. हे तिला पहिल्या दिवशीच कळलं. तिने डोळे ताणले, कापड नाकाला लावलं, तिरकं धरलं, उजेडाकडे पाठ केली, सगळं धूसर. तिसऱ्या दिवशी ती इतकी चिडली की तिने डोळेच मिटून घेतले. आणि मग त्या उघड्या, बावळट बोटाला काहीतरी सापडलं. ओलसर रेशमाखाली चिमटा उभा राहताना एक बारीकशी गाठ जाणवत होती, दाताला वाळूचा कण जाणवावा तशी. वेढा बसला की ती गाठ घट्ट होई. एक वेढा कमी पडला तर बोट सांगे. नखाला आजवर यातलं काही कळलं नव्हतं. नख म्हणजे शेवटी हाडच. इतकी वर्षं आपण एका हाडाच्या भरवशावर मिजास केली, असं तिच्या मनात आलं.

दिवस जात राहिले. ओळीमागून ओळ होत गेली. कापड आक्रसत, सुरकुतत, दाण्यादाण्यांचं होत गेलं. खालून बढाया येत होत्या. जिन्यावर मेहुणीची पावलं येत, थांबत आणि परत जात.

"डोळे मिटून बसल्यात!" एकदा ती खाली सांगताना ऐकू आली. "मी स्वतः पाहिलं. झोपा काढतात आणि आपल्याला वर येऊ देत नाहीत."

चोविसाव्या दिवशी पांढऱ्या ठिपक्यांचं बांधकाम संपलं. आता कापड आधी पिवळ्यात बुडवायचं होतं. मग पिवळ्यावर आणखी चिमटे बांधायचे, ते पिवळेच राहतील. आणि शेवटी लाल. नखी गाठोडं घेऊन रंगवाड्यात उतरली. हंडी खळखळत होती आणि रंगारी काठी शोधत होता.

"हंडी उतरवा," ती म्हणाली.

"उतरवा कशाला? रंग चढायचा कसा?"

"कोमट होऊ दे. कोपर बुडवून चटका लागणार नाही एवढं."

"वहिनी, रंगारी मी आहे का तुम्ही?"

"तोच तर घोळ आहे."

"काठी कुठाय?" तो इकडेतिकडे पाहत म्हणाला. "इथे भिंतीला होती. माझी काठी कुणी घेतली?"

नखीने हनुवटीने भट्टीकडे दाखवलं. काठीचं टोक अजून लाल दिसत होतं, बाकीची राख झाली होती.

"तुम्ही... माझी काठी जाळलीत?"

"चांगली जळली. इतकी वर्षं रंग प्यायला होता ना."

तो चिडला, हातवारे केले, धाकटीला हाक मारली, मोठ्या भावाची आठवण काढली. तोवर हंडी कोमट झाली. नखीने बाह्या सारल्या, कोपर बुडवून पाहिलं आणि कापड स्वतः आत सोडलं. ढवळलं नाही. तळव्याने हळूच दाबत, वर घेत, पुन्हा दाबत राहिली. एकही दोरा तरंगला नाही. रंगारी जवळ उभा राहून पाहत होता आणि पाहता पाहता त्याचं तोंड बंद झालं. हे त्याच्या बाबतीत क्वचित होई.

पिवळ्यानंतर आणखी सव्वीस दिवस बांधणी, मग लाल. शेवटी जे वाळत घातलं ते कापड आहे असं कुणाला सांगून पटलं नसतं. सहा हातांचा तुकडा आक्रसून हातभर लांबीची काळपट लाल, खरखरीत वळकटी झाला होता.

"आता उघडा तरी," रंगारी म्हणाला. "शेठ उद्यापरवा येतील. आधी पाहून ठेवू."

"ज्याचा माल त्याच्यासमोर उघडायचा."

"आणि आत काही नसलं तर?"

"तर तुम्ही गल्लीत सांगालच."

व्यापारी ठरल्या वेळी आला. गाड्या रस्त्यात उभ्या होत्या आणि त्याला घाई होती. बैठकीत रंगारी नवा अंगरखा घालून बसला होता. धाकटी दारात होती, बहीण धाकटीच्या खांद्यावरून डोकावत होती. नखीने वळकटी आणून व्यापाऱ्यासमोर ठेवली.

"हे काय?" तो म्हणाला. "मी रेशीम दिलं होतं. तुम्ही वाळलेलं कारलं परत देताय."

"आत आहे, शेठ, आत आहे सगळं," रंगारी म्हणाला. "काय सांगू तुम्हाला, दोन महिने अन्न गोड लागलं नाही. पहिला तुकडा मुद्दाम नासवला मी, रेशमाचा स्वभाव कळावा म्हणून. मग एकदा पहाटे स्वप्न पडलं. कुणीतरी म्हणतंय, हंडी कोमट ठेव."

नखीने त्याच्याकडे पाहिलं. स्वप्नात आलेली व्यक्ती आपणच, हे त्याला खरोखर आठवत नसावं, असं तिला वाटलं.

"बरं, मग उघडा," व्यापारी म्हणाला.

रंगाऱ्याने वळकटी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. बांधणी उघडायचं काम त्या घरात नेहमी मागच्या खोलीत बायका करत. त्याने जन्मात एकही उघडली नव्हती. दोऱ्याला खरी गाठ नसते, दोन्ही काठ धरून आडवा हिसका दिला की वेढे आपोआप उडतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. सगळे पाहत होते. त्याने कमरेची छोटी सुरी काढली आणि तिचं टोक पहिल्या वेढ्याखाली घालायला लागला.

नखीला ते सगळं दिसलं, न दिसणाऱ्या डोळ्यांनीही. अजून एक रेटा, आणि दोऱ्याबरोबर तंतू कापला जाईल. मग दुसरा, तिसरा. व्यापारी ओरडेल, नवा अंगरखा घालून बसलेला हा इसम भर बैठकीत उघडा पडेल, आणि त्यानंतर गल्लीत कुणी डोळ्यांचं नाव काढणार नाही. एवढ्यासाठी फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहण्यात ती तरबेज होती.

खिडकी मात्र जाईल. दुसरा तुकडाही नासलेला. गाड्या निघून जातील. फजिती झालेला दीर कुणावर तरी राग काढेलच. पण खिडकीचा विचार तिला नंतर आला. आधी आला तो वेगळाच. त्या कापडात पन्नास दिवसांची तिची बोटं होती, आणि त्याने एकदाही तिला फसवलं नव्हतं. ते कुणाची तरी लाज काढायला कापू द्यायचं? त्यासाठी समोरचा माणूस तरी तेवढ्या मोलाचा हवा.

"ठेवा ते, भावोजी," ती म्हणाली. "हात खराब आहेत तुमचे."

आवाज इतका सहज होता की रंगाऱ्याने सुरी ठेवली आणि खरोखरच आपले हात पाहिले.

नखीने वळकटीचा एक काठ व्यापाऱ्याच्या हातात दिला. "धरा. घट्ट. ओढायचं नाही, ओढते मी." तिने दुसरा काठ धरला, जराशी मागे झाली आणि हिसका दिला. तव्यावर तीळ उडावेत तसा तडतडाट झाला. दोरे उडून गुडघ्यांवर, जमिनीवर, रंगाऱ्याच्या नव्या अंगरख्यावर पडले आणि त्या दोघांमध्ये रेशीम पसरत गेलं. गडद लाल, त्यावर मोहरीएवढे पांढरे, मोहरीएवढे पिवळे, ओळीत, कडांना जराही न ओघळलेले. प्रत्येक ठिपका किंचित फुगून वर आलेला, दोऱ्याची आठवण धरून.

व्यापाऱ्याने खाली वाकून एका ठिपक्यावरून अंगठा फिरवला.

अर्धं उघडल्यावर नखीने काठ सोडला.

"उरलेलं?" व्यापारी म्हणाला.

"उरलेलं असंच न्या."

"असंच कसं? आक्रसलेलं?"

"तुम्ही हे परमुलखात दाखवाल. लोक म्हणतील कुंचल्याने काढलेत, ठशाने उठवलेत. माणसं दुसरं काय म्हणणार? तेव्हा त्यांच्या हातात काठ द्या आणि त्यांच्यासमोर ओढा."

व्यापाऱ्याच्या भुवया हळूहळू वर गेल्या. फायदा जिथे असतो तिथे या लोकांची बुद्धी फार लवकर पोहोचते. त्याने उघडं अर्धं आणि बांधलेलं अर्धं शेजारी शेजारी धरलं, दोनदा मान हलवली आणि वळून म्हणाला, "रंगारी, डोकं आहे बरं का तुम्हाला."

"अनुभव, शेठ," रंगारी म्हणाला. "दुसरं काय."

"वीस तुकडे घ्याल करायला?"

"चाळीस घेऊ! आता घरात तरुण डोळे आहेत." त्याने मेहुणीकडे पाहिलं. "वहिनींना विश्रांतीच देणार आहोत..."

"वीतभर जागेत किती ठिपके बसतात?" व्यापाऱ्याने मध्येच विचारलं.

रंगाऱ्याने ओठ हलवले. धाकटीकडे पाहिलं. धाकटीने छताकडे पाहिलं.

"बाई?" व्यापारी म्हणाला.

"कुणाच्या वितीत? तुमच्या का माझ्या?"

तो हसला, मनापासून, पहिल्यांदाच. मग रंगाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ह्या बांधणार असतील तर वीस. नाहीतर एकही नाही. नाव तुमचंच राहू दे, मला नावाशी काय करायचंय?" आणि नखीकडे एक प्रसन्न कटाक्ष टाकला, मोठं दान दिल्यासारखा. तिला त्याची कीव आली. पण गाडीवान बाहेरून हाका मारत होता आणि वीस तुकडे आत येत होते, म्हणून ती काही बोलली नाही.

त्याच आठवड्यात तिने मेहुणीला माडीवर बोलावून घेतलं. वीस तुकडे एका माणसाने होणार नव्हते, आणि डोळे काही परत येणार नव्हते. ती आली ती तयारीनेच, हसऱ्या चेहऱ्याने, विजयी.

"बस. डोळे मिट."

"अहो, पण मला तर चांगलं दिसतं, म्हणूनच ना तुम्ही..."

"डोळे मिट म्हटलं. आता तोंडही."

पुढची वर्षं थोडक्यात सांगता येतील, कारण ती एकसारखीच होती. बांधलेल्या वळकट्या त्या घरातून जात राहिल्या, अर्ध्या उघड्या, अर्ध्या मिटलेल्या. रंगाऱ्याचं स्वप्न दरवर्षी लांबत गेलं. आधी नुसता आवाज होता, मग पांढरा पोशाख आला, शेवटी हातात कमळही आलं. दूरदूरचे लोक त्याला भेटायला येत. कुणी फारच जिज्ञासू असेल तर त्याला माडीवर आणून दाखवत, ही आमची वहिनी, हिला आता दिसत नाही, पण सवयीने बांधते बिचारी. नखी मान वर न करता दोरा फिरवत राही.

तिला खरोखरच दिसत नव्हतं. उजेड मात्र कळे. गालावर पडला की दिवस वर आला, मनगटावरून सरकला की उतरला. मेहुणी शेजारी बसे. बोलणं तिचं कमी झालं नाही, पण आता ती ओळीच्या शेवटी बोले, मध्ये नाही.

एकदा व्यापारी येऊन बसला. त्याचेही गुडघे आता कुरकुरत होते. त्याने नखीच्या हातात नुकताच उघडलेला एक तुकडा दिला आणि म्हणाला, "हा सांगा बरं कसा आहे."

तिने बोटाचं टोक त्यावरून फिरवलं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, सावकाश, एकही ओळ न वगळता. फुगीर दाणे बोटाखालून जात राहिले, सारखे, घट्ट, मोहरीपेक्षाही लहान. शेवटी ती परत एकदा सुरुवातीला गेली. हे तिने आजवर कुणाच्या कामाबाबत केलं नव्हतं.

"कुणी बांधलाय?"

"ह्यांनीच," व्यापारी शेजारी हात करून म्हणाला. "एकट्यांनी. तुम्ही आजारी होता त्या महिन्यात. कसा आहे?"

मेहुणीचा दोरा थांबला.

"चांगला आहे," नखी हळू आवाजात म्हणाली, त्याच्या बाजूला झुकून. "पण तिला सांगू नका. बोलायला लागेल."